मंजुश्रीची पत्रं

११ फेब्रुवारी १९८२ ला लग्न झालं आणि ११ जूनच्या रात्री ती गेली. मधे बरोबर चार महिने. माहेर बीडचं, नवरा केमिकल इंजिनिअर, स्वतःचा कारखाना, बिऱ्हाड पुण्यात फ्लॅटमध्ये. त्या काळात असं स्थळ सांगून आलं की घरचे हरखून जायचे. १२ जूनची पहाट उजाडली तेव्हा मंजुश्री अंथरुणात मृत होती. शवविच्छेदनात कळलं की तिला चार ते सहा आठवड्यांचे दिवस गेले होते. व्हिसेरा तपासणीत विष सापडलं, पोटॅशियम सायनाइड.

घरात नवरा-बायको दोघंच. लग्न सुखाचं नव्हतं, याची साक्ष तिच्याच हातच्या पत्रांत होती. विष असं, जे किराणा दुकानात मिळत नाही. नवरा रसायनांचा जाणकार. संशय कोणावर जाईल हे सांगायला पोलिसांची गरज नव्हती. अख्ख्या महाराष्ट्राने तेव्हा मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी त्याला निर्दोष सोडलं.

‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल. आज भारतातल्या कुठल्याही सत्र न्यायालयात, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेल्या खुनाच्या खटल्यात, बचावाचा वकील उभा राहिला की बहुधा हेच नाव घेतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यातली पाच सूत्रं पाठ असतात. ज्या मुलीच्या मृत्यूतून ती निघाली तिचं नाव मात्र त्यांतल्या थोड्यांनाच सांगता येतं. मला हा निकाल पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो तो त्या सूत्रांसाठी नव्हे, पत्रांसाठी. एका दुःखी मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली घरगुती पत्रं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींनी वाचली, त्यांवर वाद घातला, आणि त्या दुःखाचं काय करायचं हे ठरवताना त्यांना कायद्यात जागाच सापडली नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

आधी विषाबद्दल. सायनाइडविषयी सिनेमाने आपल्याला बरंच काही सांगितलं आहे, त्यातलं थोडंच खरं. पोटॅशियम सायनाइड ही मिठासारखी पांढरी पूड. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यांत आणि सोन्याचांदीच्या कामात ती वापरली जाते. पोटात गेल्यावर जठरातल्या आम्लाशी तिचा संयोग होतो आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं. ते पेशींमधलं एक विकर अडवतं. मग रक्तात प्राणवायू भरपूर असूनही पेशींना तो वापरता येत नाही. माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. म्हणूनच अशा मृतदेहावर लालसर झाक दिसू शकते, कारण न वापरलेला प्राणवायू रक्तातच राहिलेला असतो. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण तो सगळ्यांना येत नाही. काहींना तो ओळखण्याची क्षमता जन्मतःच नसते. मोठी मात्रा पोटात गेली तर काही मिनिटांत सगळं संपतं.

प्रयोगशाळेचं काम इथे संपतं. काय घेतलं गेलं ते ती सांगते, कोणी दिलं ते सांगत नाही. ग्लास कोणी भरला, भरून पुढे केला की तिनेच उचलला, याचं उत्तर कुठल्याही परीक्षानळीत नसतं. म्हणून विषप्रयोगाच्या खटल्यांत न्यायालयं चार गोष्टी मागतात. मारण्याचा स्पष्ट हेतू होता का? मृत्यू विषानेच झाला का? ते विष आरोपीच्या ताब्यात होतं का? आणि ते देण्याची संधी त्याला होती का? मंजुश्रीच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, चौथ्याचंही बऱ्यापैकी. खटला अडला तो तिसऱ्यापाशी. आरोपी रसायनांत वावरणारा होता, त्याला सायनाइड मिळवणं अवघड नव्हतं, असं म्हणता येत होतं. पण त्याने ते मिळवलं, त्याच्याजवळ ते होतं, असा पुरावा सरकारी पक्षाकडे नव्हता.

इथे पुण्याचाच एक जुना खटला आठवतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे काय, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा नीट कळतं.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या पुण्याच्या एक विधवा बाई रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाल्या. बरोबर त्यांचे डॉक्टर होते, अनंत चिंतामण लागू. बाईंना मधुमेह होता आणि मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. पहाटे गाडी मुंबईत पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना जी. टी. हॉस्पिटलमध्ये नेलं आणि तिथे त्यांचं नाव सांगितलं, इंदुमती. त्याच दिवशी दुपारच्या आत बाई गेल्या. खोट्या नावामुळे मृतदेह बेवारस ठरला आणि वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनासाठी पोचला. पुढे पुण्यात नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येऊ लागली. मी पुन्हा लग्न केलं आहे, दूर राहायला गेले आहे, माझा शोध घेऊ नका, असा मजकूर. इकडे त्यांची मालमत्ता हळूहळू डॉक्टरांच्या हाती जात होती.

लक्ष्मीबाईंच्या शरीरात कुठलंही विष सापडलं नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने लागूंची फाशी कायम केली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा मथितार्थ असा, की मृत्यूआधी आणि मृत्यूनंतर या माणसाने जे जे केलं त्याचा निर्दोष अर्थ लावणं शक्यच नाही. आजारी बाईला आणणारा प्रामाणिक डॉक्टर तिचं खोटं नाव का सांगेल? ती मेल्याचं माहीत असताना ती जिवंत असल्याची पत्रं का येऊ देईल? तिची मालमत्ता का लाटेल?

लागू प्रकरणात विष मिळालं नाही, तरी साखळीची एकही कडी तुटलेली नव्हती. मंजुश्रीच्या प्रकरणात विष मिळालं, पण त्याच्याभोवतीच्या कड्या सुट्या राहिल्या. विष मिळालं म्हणजे खून सिद्ध झाला आणि मिळालं नाही म्हणजे सुटका, असं गणित नसतं. आरोपीच्या वागण्याचा दुसरा, निरपराध अर्थ लागतो का, हा खरा प्रश्न.

आणि मंजुश्रीच्या बाबतीत दुसरा अर्थ लागत होता. तो भयंकर होता, पण लागत होता. सरकारी पक्ष म्हणत होता की संसारात विष कालवलं गेलं होतं, नवऱ्याचे दुसरीकडे संबंध होते, तो तिच्याशी वाईट वागत होता, म्हणून त्याने तिला मारलं. बचाव पक्षाला हे सगळं खोडून काढायची गरजही नव्हती. त्यांनी एवढंच म्हणायचं, की संसार इतका वाईट होता म्हणूनच तिने जीव दिला नसेल कशावरून? बिघडलेल्या लग्नातल्या मृत्यूचा हा पेच आहे. दुःख जितकं जास्त सिद्ध करावं तितकी खुनाची बाजू भक्कम होते आणि आत्महत्येचीही. एकाच पत्रावर दोन्ही पक्ष हक्क सांगतात.

पत्रांकडे येऊ. मेच्या सुरुवातीपासून ८ जूनपर्यंतची ती पत्रं. त्यांत काय होतं? नवऱ्याला वेळ नाही, तो रात्री उशिरा येतो. या घरात आपण बिनपगारी मोलकरणीसारख्या आहोत ही भावना. लग्नाबद्दल जे मनात रंगवलं होतं त्याचा चुराडा. आणि आईवडिलांना यातलं काही कळू द्यायचं नाही, त्यांना त्रास होईल, ही काळजी. शेवटची गोष्ट वाचताना माझा घसा दाटतो. सासरी जाच होत असलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मुलींनी पत्राच्या शेवटी ‘आईला सांगू नकोस’ असं लिहिलं असेल. पत्र बहिणीला असतं, पण त्यातला खरा निरोप आईवडिलांना असतो. आणि तो निरोप पोचू नये अशी विनंतीही त्याच पत्रात असते.

आता कायद्याचा प्रश्न असा, की मेलेल्या माणसाची पत्रं कोर्टात चालतात का? लिहिणारीची उलटतपासणी घेता येत नाही. ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे, हा सर्वसाधारण नियम. त्याला अपवाद मृत्युपूर्व जबानीचा. जुन्या इंग्रजी कायद्यात ही जबानी तेव्हाच चालत असे जेव्हा बोलणाऱ्याला आपण आता मरणार याची खात्री झालेली असे. मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही, अशी त्यामागची समजूत. भारतीय पुरावा कायदा १८७२ चा. त्याच्या ३२ व्या कलमात ही अट घातलेली नव्हती. मृत्यूचं कारण, किंवा ज्या घडामोडींतून मृत्यू ओढवला त्यांतली परिस्थिती, याबद्दल माणूस जे बोलला वा त्याने जे लिहिलं ते चालतं. मग ते लिहिताना त्याला मरणाची चाहूल असो वा नसो.

या कलमाची व्याप्ती ठरली ती १९३९ च्या एका प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात. आंध्रातल्या पिठापूरचा एक माणूस बायकोला सांगून निघाला, की अमक्याकडून उसने दिलेले पैसे घ्यायला बरहामपूरला जातो. दोन दिवसांनी पुरी स्टेशनवर आलेल्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक पत्र्याची ट्रंक सापडली आणि तिच्यात त्याचे तुकडे. घरातून निघताना बायकोला म्हटलेलं ते साधं वाक्य मृत्यूकडे नेणाऱ्या घडामोडींचाच भाग आहे, असं प्रिव्ही कौन्सिलने मानलं. पाकला नारायण स्वामी या आरोपीच्या नावाने तो खटला ओळखला जातो.

मंजुश्रीच्या खटल्यात न्यायमूर्ती फझल अली यांनी हा धागा पुढे नेला. लग्नानंतर चार महिन्यांत मृत्यू, आणि पत्रं त्याच चार महिन्यांतली. तेव्हा तिची मनःस्थिती, तिला मिळालेली वागणूक, हे सगळं एकाच घटनाक्रमात मोडतं, म्हणून पत्रं पुराव्यात घेता येतील, असं त्यांनी म्हटलं. न्यायमूर्ती वरदराजन यांना हे पटलं नाही. नवऱ्याच्या वागण्याबद्दलची तक्रार म्हणजे मृत्यूच्या कारणाबद्दलचं विधान नव्हे, असा त्यांचा आक्षेप. न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी फझल अलींच्या बाजूने राहिले, पण फार जपून. आज हुंडाबळीच्या किंवा छळाच्या खटल्यांत मुलीने माहेरी फोनवर काय सांगितलं, मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर काय लिहिलं, हे कोर्टात वाचलं जातं, त्यामागे पाकला खटल्यातल्या मृताच्या बायकोइतकाच मंजुश्रीच्या बहिणीचाही वाटा आहे. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ३२ वं कलम आता २६ वं झालं आहे, आशय तोच.

पत्रं कोर्टात आली खरी, पण ती कशी वाचायची? कोर्टाला त्यांत एक हळवी, निराश, एकटी पडलेली मुलगी दिसली. खुनाची चाहूल दिसली नाही. आईवडिलांनी आणि बहिणीने तोंडी साक्षीत सांगितलं ते पत्रांपेक्षा जास्त होतं, आणि जवळचे नातेवाईक शोकाच्या भरात, नकळतसुद्धा, वाढवून सांगतात, म्हणून त्याकडे सावधपणे पाहायला हवं, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. पुढे जाऊन फझल अली यांनी रॉबर्ट कास्टेनबाउम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मृत्यूवरच्या पुस्तकाचा आधार घेतला. काही माणसं दुसऱ्यावर सूड म्हणून, त्याला पश्चात्तापात जाळण्यासाठी स्वतःचा जीव देतात, अशा अर्थाचं विवेचन त्यात आहे. मंजुश्रीच्या मृत्यूची ही एक शक्यता असू शकते, असं त्यांना वाटलं.

हा भाग मला पटत नाही, आणि ते स्पष्ट म्हणायला हवं. आत्महत्येची शक्यता मोकळी ठेवण्यासाठी सूडाची कल्पना आणायची गरज नव्हती. साधी निराशा पुरेशी होती. एका परक्या समाजातल्या पुस्तकातलं सर्वसाधारण विवेचन, बीडहून पुण्यात आलेल्या, पोटात अंकुर असलेल्या, आईवडिलांना काळजी नको म्हणून तोंड मिटून बसलेल्या मुलीवर चढवलं गेलं. तिच्या पत्रांत वाट पाहणं आहे, थकवा आहे. सूड मला तरी कुठे दिसला नाही. आणि नातेवाइकांच्या साक्षीबद्दलही एक गोष्ट न्यायासनावरून दिसणं अवघड असेल, पण आपल्या घरांतून रोज दिसते. मुलगी रडत आली तरी तिला समजावून परत पाठवायचं, ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणायचं, ही रीत. माहेरच्यांनी तेव्हा आरडाओरडा केला नाही, म्हणून मुलीने त्यांना काही सांगितलंच नसेल, असा निष्कर्ष महाराष्ट्रात काढता येत नाही.

तरीही, आणि हे म्हणताना मला जड जातं, मूळ निकालाला मी विरोध करू शकत नाही. कारण न्यायमूर्तींनी केवळ पत्रांवर निकाल दिला नाही. त्यांनी तपासही तपासला. शवविच्छेदनाच्या टिपणात गुदमरून मृत्यू झाला असेल का, या अर्थाचा मजकूर नंतर घातल्यासारखा दिसतो, यावर त्यांनी बोट ठेवलं. विषाने गेली की नाकतोंड दाबल्याने, हे सरकारी पक्षालाच पक्कं ठरवता येत नसेल, तर आरोपीला फासावर कशाच्या जोरावर द्यायचं? शिवाय खटल्यात आरोपीविरुद्ध वापरलेल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या जबाबाच्या वेळी त्याला विचारल्याच गेल्या नव्हत्या. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१३ व्या कलमाप्रमाणे, ज्या परिस्थितीबद्दल आरोपीला खुलासा करायची संधी दिली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. त्या सगळ्या बाजूला पडल्या. खालच्या कोर्टांनी फाशी देताना हे पाहिलं नव्हतं.

आणि मग ती पाच सूत्रं. फझल अली यांनी त्यांना परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ म्हटलं. त्यांचं बीज १९५२ च्या हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्या खटल्यात आहे, आणि त्या खटल्यात खून नव्हताच. नरगुंदकर तेव्हाच्या मध्य प्रांतात, नागपूरला, अबकारी आयुक्त होते. सिवनीच्या दारूच्या भट्टीचं टेंडर, ते बनावट केल्याचा आरोप, कागद कुठल्या टाइपरायटरवर टंकलेला यावरचा खल. एका टेंडरच्या भांडणातून निघालेलं तत्त्व बत्तीस वर्षांनी एका मुलीच्या मृत्यूला लावलं गेलं.

पंचशीलाचा आशय सांगायचा तर पहिली अट पायाची. ज्या गोष्टींवरून अपराध काढायचा त्या प्रत्येक गोष्टीचा पक्का पुरावा हवा. इथे फझल अलींनी १९७३ च्या शिवाजी सहाबराव बोबडे खटल्याची आठवण दिली. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांच्यातलं अंतर फार मोठं असतं, आणि पुढच्यापर्यंत पोचल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. मग त्या सिद्ध झालेल्या गोष्टी फक्त अपराधाशीच जुळायला हव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. अपराध सोडून दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी बाद केली पाहिजे. आणि शेवटी सगळ्या कड्या मिळून साखळी इतकी अखंड हवी की आरोपी निर्दोष असेल असं समजायला वाजवी कारणच उरू नये.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी एरवी कमी बोलली जाते. आरोपीने खोटं सांगितलं, तर ती एक जादा कडी म्हणून जोडता येते, पण साखळीच तुटलेली असेल तर खोटेपणाने ती सांधता येत नाही. नवरा घाबरून खोटं बोलू शकतो, अब्रूसाठी बोलू शकतो, दुसरं काही झाकायलाही बोलू शकतो. खोटं बोलला म्हणजे मारलं, असं नाही. चहाच्या टपरीवर आणि टीव्हीवरच्या चर्चांत आपण नेमकं हेच समीकरण मांडतो.

आता त्या जागेबद्दल, जी न्यायमूर्तींना सापडली नाही. १९८२ साली नवऱ्याने बायकोचा चार महिने मानसिक छळ केला, तिला मोलकरणीसारखं वागवलं, तिला जगणं नकोसं केलं, तर भारतीय दंड संहितेत त्याला स्वतंत्र नाव नव्हतं. मारहाण असेल तर दुखापतीचं कलम, आत्महत्येला चिथावलं असेल तर ३०६, पण ते सिद्ध करणं महाकठीण. नाहीतर थेट खून. मंजुश्रीचं दुःख कागदावर लिहिलेलं होतं, पण ते ठेवायला कायद्यात एकच मोठी पेटी होती, खुनाची, आणि त्या पेटीला ते पुरेसं पडलं नाही. खून सिद्ध झाला नाही म्हटल्यावर ते दुःख जणू उरलंच नाही.

पुण्यातल्या बायकांना हे सहन झालं नाही. मंजुश्रीचा मृत्यू आणि त्या सुमारास पुण्यात झालेले विवाहित मुलींचे मृत्यू यांच्या धक्क्यातून १९८२ साली विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. विद्याताई तेव्हा ‘स्त्री’ मासिकाशी जोडलेल्या होत्या. मंचाने ‘मी एक मंजुश्री’ नावाचं पोस्टर प्रदर्शन तयार केलं आणि ते ठिकठिकाणी फिरवलं. पुढे ‘बोलते व्हा’ नावाचं केंद्र सुरू केलं, जिथे येऊन बाईने फक्त बोलायचं. या दोन नावांइतकं नेमकं मला या सगळ्या प्रकरणात दुसरं काही वाटत नाही. मंजुश्री चार महिने जे पत्रांच्या घडीत लपवत होती, त्यासाठी कोणीतरी एक खोली आणि दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

देशभरच्या स्त्री संघटनांच्या रेट्यातून कायदाही बदलला. २५ डिसेंबर १९८३ पासून दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि क्रूरतेत मानसिक छळही धरला गेला. त्याच वेळी पुरावा कायद्यात ११३-अ घातलं गेलं. लग्नाच्या सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली आणि तिच्यावर क्रूरता झाल्याचं सिद्ध झालं, तर तिला आत्महत्येला प्रवृत्त केलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. सात वर्षांच्या आतल्या अशा मृत्यूंचा तपास आणि शवविच्छेदन यांचे नियम कडक झाले. १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं, तिथे गृहीतक त्याहून कडक. आता भारतीय न्याय संहितेत क्रूरतेचं कलम ८५ आहे आणि हुंडाबळीचं ८०.

तारखा शेजारी ठेवून पाहा. मंजुश्री जून १९८२ मध्ये गेली, ४९८-अ आलं डिसेंबर १९८३ मध्ये, आणि तिचा निकाल लागला जुलै १९८४ मध्ये. निकालाच्या दिवशी कायद्याच्या पुस्तकात तिच्या दुःखाला नाव होतं. पण फौजदारी कायदा मागे जाऊन कोणाला शिक्षा देत नाही, आणि देऊही नये. ते नाव तिच्यानंतरच्या मुलींना मिळालं. या कलमाच्या गैरवापराबद्दलही बोललं जातं, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात सरसकट अटकेला लगाम घातला. तो वेगळा, लांब विषय आहे.

घराच्या चार भिंतींआडच्या मृत्यूबद्दल न्यायालयांची भूमिकाही पुढे घडत गेली. २००६ चा त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल यात महत्त्वाचा. मराठवाड्यातला खटला, पत्नी घरात मृत, नवऱ्याचं म्हणणं सापाने दंश केला. शवविच्छेदनात निघालं की गळा दाबून मारलं आहे. घराच्या आत, गुपचूप घडलेल्या गुन्ह्यात सरकारी पक्षाकडून अशक्यप्राय पुरावा मागता येणार नाही, आणि घरात राहणाऱ्याने काय घडलं याचा खुलासा द्यायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. आधार जुन्या पुरावा कायद्याच्या १०६ व्या कलमाचा, म्हणजे जी गोष्ट खास आपल्यालाच माहीत आहे ती सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. नव्या कायद्यात हे १०९ वं कलम.

या निकालाने सारडा खटल्याचं पंचशील रद्द झालं, असं काहींना वाटतं. तसं नाही. १९५६ च्या शंभूनाथ मेहरा खटल्यापासून न्यायालयं सांगत आली आहेत, की सरकारी पक्षाने आधी आपली इमारत उभी करायची, मग आरोपीकडे खुलासा मागायचा. फरक प्राथमिक पुराव्याचा आहे. गळ्यावर दाबल्याच्या खुणा असतील, तर तो मृत्यू दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने झाला हे ठरलेलं असतं आणि प्रश्न उरतो फक्त हात कोणाचा, एवढाच. स्वतःचा गळा हातांनी दाबून कोणी मरत नाही. सायनाइड मात्र स्वतःही घेता येतं. म्हणून साप सांगणारा नवरा अडकला आणि सायनाइडच्या प्रकरणातला सुटला. यात एकाला न्याय आणि दुसऱ्याला सवलत असं काही नाही, प्रेतावरच्या खुणाच वेगळ्या होत्या.

संशय नवऱ्यावर आधी जातो, याला आधारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ साली जगभरात हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींपैकी साधारण ५१,००० जणींचा जीव जोडीदाराने किंवा घरातल्याच कोणी घेतला. दहांतल्या सहा. पोलिसाने पहिला प्रश्न नवऱ्याला विचारावा, हे या आकड्यात आहे. पण हजारांबद्दलचा आकडा एकाच्या खटल्यात पुरावा होत नाही. ती एक जण सहांतली होती की उरलेल्या चारांतली, किंवा त्या दहांतच नव्हती, हे तिच्या घरातल्या वस्तू, वेळा, कागद आणि शरीर यांवरूनच ठरायचं असतं. म्हणून तपास नीट व्हायला हवा. पहिल्या काही तासांत डॉक्टर आधी बोलावले की पोलीस, भांडी जागेवरून हलली का, शवविच्छेदनाच्या टिपणात कोणी नंतर लिहिलं का, अशा रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींवर एखाद्या मुलीच्या मृत्यूचं सत्य टिकतं किंवा कायमचं हरवतं.

मृत्यूपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत अवघे पंचवीस महिने. आजच्या मानाने फारच वेगवान. खटला पतीच्या नावाने कायद्याच्या ग्रंथांत गेला, आणि पती निर्दोष आहे हेही त्या ग्रंथांतच कायमचं नोंदलेलं आहे. त्या रात्री काय घडलं ते कोर्टाच्या कुठल्याही कागदात नाही.

पत्रं मात्र आहेत. कोर्टाच्या कागदपत्रांत बहिणीला लिहिलेल्या दोन पत्रांना निशाणी ३० आणि ३२ म्हटलं आहे, मैत्रिणीला लिहिलेल्याला निशाणी ३३. निशाणी ३२ वरची तारीख ८ जून १९८२. ती लिहून मंजुश्री आणखी तीन दिवस जगली.